बेशुद्धीची रायफल घेताना

वाघ पकडणाऱ्या पथकात काम केलं, की किस्से गोळा करावे लागत नाहीत; रिकाम्या डब्याबरोबर रोज घरी येतात. मी पथकाच्या जीपचा ड्रायव्हर. म्हणजे सगळ्यात मागे उभं राहून सगळ्यात जास्त पाहिलेला माणूस!

आमची जुनी डार्ट रायफल, म्हणजे वाघाला लांबून बेशुद्धीचं इंजेक्शन मारायची बंदूक, उन्हाळ्यात इंजेक्शन ढकलणारा गॅस वाटेतच सोडायची. एकदा पथकाच्या डॉक्टरसाहेबांनी नेम धरला, 'फुस्स' आवाज झाला आणि इंजेक्शन वाघाच्या पुढ्यात पडलं. वाघानं ते हुंगलं, आमच्याकडे पाहिलं आणि निघून गेला.

"त्याले पसंत नाई आलं, साहेब," आमचे वनरक्षक सोमाभाऊ म्हणाले.

नवी रायफल घ्यायचं त्याच दिवशी ठरलं.

*

पहिला विक्रेता आला. "चाळीस मीटरपर्यंत गॅरंटी!"

"अन् वाघ एक्केचाळीसवर बसला तं?" सोमाभाऊंनी विचारलं. "त्याले सरक म्हणाचं काय?"

*

दुसऱ्याची रायफल देखणी. हलकी, वर स्क्रीन. डॉक्टरसाहेब खूश! सोमाभाऊंनी ती उलटीसुलटी पाहिली आणि शेजारच्या धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरातल्या चिखलात टाकली.

"अहो, हे काय करता?" विक्रेता ओरडला.

"तपासून राह्यलो. जंगलात टेबल नसते."

स्क्रीन पुन्हा लागली नाही.

तिसऱ्याच्या कानावर हे गेलं असावं. त्यानं आपली जाडजूड रायफल स्वतःच चिखलात टाकली, रुमालानं पुसली आणि तीस मीटरवरच्या भोपळ्यात इंजेक्शन रुतवलं. आम्ही तीच घेतली.

*

पुढे सिंदेवाहीकडच्या एका गावातून फोन आला. मोहाची फुलं वेचायला गेलेली पन्नाशीची मंदाबाई झाडावर, वाघ झाडाखाली. आम्ही पोचलो तेव्हा तीन तास झाले होते. नेम चुकला तर बिथरलेला वाघ तिच्यावरच जाणार. डॉक्टरसाहेबांनी दोनदा हात पुसले आणि चाप ओढला. इंजेक्शन मांडीत बसलं. दहा-बारा मिनिटांनी वाघ आडवा झाला.

"बाई, उतरा. झोपला तो," डॉक्टरसाहेब म्हणाले.

"पहिले तुम्ही हात लावून दाखवा!"

शेवटी सोमाभाऊंनी बांबूनं ढोसलं, मग कानाला हात लावला. तेव्हा ती उतरली.

बेशुद्ध वाघाचे डोळे उघडेच राहतात. ते झाकावे लागतात. झाकायचं कापड मी जीपमध्ये विसरलो होतो. डॉक्टरसाहेब माझ्यावर ओरडत असतानाच मंदाबाईनं डोक्याचा दुपट्टा सोडला, पुढे झाली आणि स्वतःच्या हातानं वाघाच्या डोळ्यांवर बांधला. चांगली गाठ मारली.

"तीन घंटे मले पाहून राह्यला होता," ती म्हणाली. "आता पुरे झालं म्हणा!"