न्यायला कोणी आलं नाही

महाडच्या आमच्या वसतिगृहाचा नियम असा होता की घरचं माणूस स्वतः न्यायला आल्याशिवाय सुट्टीत मुलीला सोडायचं नाही. नियम चांगलाच होता, फक्त करणाऱ्याच्या डोक्यात माझ्यासारखी मुलगी आली नसणार. गणपतीच्या आदल्या दिवशी सकाळपासून फाटकाशी मोटारसायकली लागायच्या. खोऱ्यातल्या शेतकऱ्यांच्या मुली होत्या सगळ्या. कुणाचा बाप यायचा, कुणाचा चुलता, कुणाचा मुंबईहून आलेला भाऊ. दुपारी जेवायला मी आणि वसतिगृहाच्या बाई, एवढ्याच उरायचो. "पडलीस गं बाई माझ्या पदरी," बाई म्हणायच्या. मी हसायचे आणि मनातून चिडायचे, कारण त्या खरं तेच बोलत होत्या.

मी रासायनिक कारखान्यातल्या प्रयोगशाळेचं काम शिकत होते. कारखान्यात आलेला माल आणि बाहेर जाणारं पाणी तपासायचं, ते काम. फी, राहणं, जेवण, पांढरा कोट, जाड तळव्याचे बूट, सगळा खर्च पुण्याचा एक ट्रस्ट करत होता. आमची वाडी उमरठच्या वर, डोंगराच्या माथ्यावर. शेळ्या, चार म्हशी, थोडी नाचणी. तिथून कोणी मुलगी दहावीच्या पुढे गेली नव्हती. ट्रस्टच्या ताई धापा टाकत वर चढून आल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "मुलगी आमच्याकडे द्या. तिचं सगळं आम्ही बघू, शिकवून परत पाठवू." वडिलांनी किती दिवस, कुठे, कशाला, यातलं काही विचारलं नाही. डोंगराकडे बघत म्हणाले, "न्या." शेळी विकतानासुद्धा माणूस जास्त बोलतो. तो राग मी बरोबर घेऊन महाडला आले.

आणि मग घरून कोणी आलंच नाही. गणपतीला नाही, शिमग्याला नाही, मी तापाने पडले तेव्हाही नाही. वाडीत फोनला रेंज एका खडकावर उभं राहिलं तरच मिळते, हे मला माहीत होतं, म्हणून मीच लावायचे. लागला तर आई म्हणायची, "बरी हायेस ना? मग ठेव." कधी येतेस, हे तिने एकदाही विचारलं नाही. मीही हट्टी. न्यायला या असं तोंडाने म्हणणार नाही म्हटलं, आणि म्हटलं नाही. एक खाणारं तोंड कमी झालं म्हणून सुटले असतील, असं मी स्वतःला सांगायचे आणि त्याच विचाराने उशीत तोंड खुपसून रडायचे.

काम मात्र मला आवडायला लागलं. काचेच्या लांब नळीतून खालच्या चंचुपात्रात रसायनाचा थेंब थेंब सोडायचा, बराच वेळ काहीच होत नाही, आणि मग एका थेंबाला सगळं पाणी फिकट गुलाबी होऊन तसंच राहतं. तिथे थांबायचं. पुढचा एक थेंब पडला की वाया गेलं. पहिल्यांदा मला ते जमलं तेव्हा सरांनी माझं चंचुपात्र वर धरून वर्गाला दाखवलं होतं. संध्याकाळी हे कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. मी बाईंना सांगितलं. "अगंबाई, छान," त्या म्हणाल्या आणि मालिकेचा आवाज वाढवला.

अभ्यासक्रम संपला आणि एमआयडीसीतल्या एका कारखान्याने मला वर्षभरासाठी शिकाऊ म्हणून घ्यायचं कबूल केलं. त्यांच्या प्रयोगशाळेत तोवर एकही मुलगी नव्हती. ते वर्ष पूर्ण झालं तर कायमची नोकरी लागण्याची आशा होती, सोडलं तर मिळवलेलं सगळं पाण्यात. वडिलांची संमती हवी म्हणून ताई मला घेऊन वाडीवर निघाल्या. रस्ता संपला तिथे जीप ठेवली आणि आम्ही चढलो.

वडिलांनी ताईंना घोंगडीवर बसवलं. माझ्याकडे त्यांनी नीट पाहिलंही नाही. आईने चहा दिला आणि दाराआड गेली. मग वडील घसा साफ करून म्हणाले, "बाय, आता अर्धलीचा कसा करायचा ता तुमीच सांगा."

ताईंना काही कळलं नाही. मला कळलं.

आमच्याकडे ज्याला जास्तीची जनावरं झेपत नाहीत तो आपली शेळी दुसऱ्याला अर्धलीवर देतो. चारापाणी त्या दुसऱ्याचं, आणि जी करडं होतील त्यांत दोघांचा अर्धा अर्धा वाटा. पण एकदा शेळी दिली की मालकाने तिच्या मागे जायचं नाही. दुसऱ्याच्या गोठ्यात जाऊन आपलं जनावर बघणं म्हणजे त्याच्यावर विश्वास नाही असं तोंडावर सांगणं. फुकट कोणी कुणाला पोसत नाही, हे माझ्या वडिलांना पक्कं माहीत होतं. ट्रस्टने मला अर्धलीवर घेतलं, असंच ते धरून चालले होते.

"म्हणून आला नाय तुमी?" मी विचारलं.

"कसा येनार गो?" वडील म्हणाले. "त्यांना काय वाटला असता? तुझी आय रोज म्हनायची, लांबून तरी बघून येवया. मीच नाय म्हटला."

मला त्यांना मारावंसं वाटलं आणि त्यांच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. शेळी केलीत माझी! पण शेळीच्या बाबतीत पाळतात तेवढा शब्द त्यांनी माझ्या बाबतीत पाळला होता, आणि त्यात स्वतःही सुकले होते.

ताईंना मी समजावून सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या वडिलांचे हात धरून म्हणाल्या, "नाही हो दादा, आम्हाला काहीही नको. मुलगी पूर्ण तुमचीच आहे. पहिल्यापासून तुमचीच."

वडिलांचा चेहरा असा उजळला की मी तसा तो कधी पाहिला नव्हता. "पुरी आमची?" त्यांनी दोनदा विचारलं. मग आईला हाक मारली, "आयकलास गो? पोर आपली हाय. तिची पिशवी आत घे." आणि ताईंना म्हणाले, "लय उपकार झाले, बाय. आता राहू दे तिला घरी. झाला तेवढा शिकना बास झाला."

ताई कारखान्याबद्दल, पुढच्या वर्षाबद्दल बोलत राहिल्या. वडील हसून मान डोलवत होते, पण ऐकत नव्हते. आईने पिशवी आत नेली होती. चुलीवर माझ्यासाठी भाकरी भाजल्याचा वास येत होता. बसले असते तर सगळं मिळालं असतं, आणि पुन्हा महाड दिसलं नसतं.

"आबा," मी म्हटलं, "ताई मोठ्या मनाच्या हायेत, म्हनून बोलत नायत. अर्धा त्यांचा हाय. मी कमवाया लागत नाय तवर मला त्यांच्याकडंच रहायला हवा."

ताईंनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या गप्प झाल्या. वडिलांना तर पटायला वेळच लागला नाही, त्यांच्या हिशेबाशी ते अगदी जुळत होतं. "तसा असेल तर गेलाच पायजे," ते म्हणाले. आईने पिशवी बाहेर आणून दिली, भाकऱ्या फडक्यात बांधून.

वडील उतरणीपर्यंत आले आणि तिथेच थांबले. "मी काय येत नाय गो आता," ते म्हणाले. "तुला ठावूक हाय ना, का ता?"

मी हो म्हटलं.

आम्ही खाली उतरून जीपमध्ये बसलो. ताई म्हणाल्या, "अगं, खरं का नाही सांगितलंस त्यांना?"

"खरं तुम्ही सांगितलंत की," मी म्हटलं. "काय झालं?"

ज्यांची अर्धी म्हणून सांगितलं त्यांची मी कोणीच नव्हते, आणि ज्यांची पुरी होते त्यांना मीच माझ्या तोंडाने दूर ठेवून आले होते. पोलादपूरला जीप थांबली. ताईंनी चहा घेतेस का विचारलं. मी नको म्हटलं.