एकाच नावाचे दोन फोटो

क्रांती चौकाजवळच्या एका फोटो स्टुडिओत सुकेशनी लग्नांचे अल्बम लावायची. बाप सोनाजी गावाकडं मेंढ्या राखायचा. ती इथं शहरात, गारखेड्यात खोली करून राहायची. ढीगभर फोटो लहान करायला ती एक फुकटचा प्रोग्राम वापरायची. त्याला बटणं नव्हती. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली की काम फत्ते.

पण त्याची एक खोड नडली. वेगवेगळ्या फोल्डरमधले फोटो उचलून तो एकाच जागी ओतायचा, आणि नाव सारखं निघालं की जुन्या फोटोवर नवा बसवायचा. कॅमेरे तर सारखीच नावं देतात. एक दिवस चतुराबाई लेकीच्या लग्नाचा अल्बम घेऊन आल्या. हळदीचं पान उघडून शांतपणे म्हणाल्या, "ही बाई कोन हाय, तेवढं सांगा."

बाई दुसऱ्याच लग्नातली होती. मूळ फोटो शाबूत होते म्हणून निभावलं. सुकेशनीनं अल्बम नव्यानं लावून दिला.

मालक राजकुमारशेठ म्हणाले, "नावं हातानं बदलत जा. प्रोग्राम काय आपल्या घरचा हाय?"

"नाय ना. पण बनवणाऱ्याला सांगता तर येतं."

प्रोग्रामच्या वेबसाइटवर कुणालाही सूचना लिहिता यायची, पण इंग्रजीत. सुकेशनीचं इंग्रजी जेमतेम. लई वेळा लिहून खोडल्यावर तिनं साध्या वाक्यांत मागणं मांडलं: फोल्डरांची मूळ रचना जशीच्या तशी राहू द्या, सारख्या नावाची फाइल विचारल्याशिवाय पुसू नका, आणि मराठी नावाचे फोल्डरही चालू द्या. सोबत नमुन्याचे फोल्डर जोडले.

उत्तर आलं लिस्बनहून. प्रोग्राम लिहिणाऱ्या बाईंचं नाव इनेस. रचना राखायचं त्यांना पटलं होतं. विचारायचं मात्र नाही: "लोक काम लावून उठून जातात. उत्तर द्यायला कोण बसणार?"

सुकेशनी जरा हिरमुसली. मग आठवलं, आपणही काम लावून चहालाच जातो. तिनं लिहिलं, "मग विचारू नका. नुसतं थांबा, आणि कुठं थांबलात ते सांगा."

इनेसना ते आवडलं. "पण मराठी मला वाचता येत नाही. तपासून द्याल?"

पहिली चाचणी 'हळदीचे फोटो' या फोल्डरवरच अडकली. दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेपाशी प्रोग्राम नाव तोडत होता. सुकेशनीनं कळवलं, इनेसनी दुरुस्त केलं, सुकेशनीनं पुन्हा तपासलं. नवी आवृत्ती निघाली तेव्हा सोबतच्या माहितीत, मदत करणाऱ्यांमध्ये सुकेशनीचं नाव छापलेलं होतं. राजकुमारशेठनी चष्मा लावून ते वाचलं.

"व्हय गं, ही तूच?"

"मीच."

शेठनी शेजारच्या दुकानदारालाही बोलावून दाखवलं.

महिन्याभरात मदुराईच्या एका मुलीनं त्याच वेबसाइटवर लिहिलं, की तमिळ नावाचे फोल्डर उघडत नाहीत. इनेसनी विचारलं, "हिच्याशी तुम्ही बोलाल का?"

सुकेशनीनं खुर्ची पुढं ओढली आणि त्या मुलीकडं नमुन्याचा फोल्डर मागितला.