बीकरने मोजलेलं शहाळं

माझं अर्धं आयुष्य पोटॅशियममध्ये गेलं असं मी सांगते, तेव्हा नातवंडांना वाटतं आजी एखाद्या दुखण्याबद्दल बोलतेय. मी मुंबईच्या एका कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवायचे. उरलेल्या वेळात बेडकाच्या स्नायूत केसाहून बारीक काचेची नळी खुपसून बसायचे. पेशीच्या पडद्यात पोटॅशियमपुरती दारं असतात, ती कधी उघडतात आणि कधी मिटतात हे मोजायचं. पेशीत पोटॅशियम भरपूर, बाहेर अगदी थोडं. हा तोल आहे तोवर हृदय चालतं. एवढंसं कळायला मला बारा वर्षं लागली, आणि कळल्यावर मी अशा तोऱ्यात फिरायला लागले की जणू ती दारं मीच सुताराकडून बसवून घेतली होती.

घर भिसेगावात, मागे भाताची खाचरं. पावसाळ्यात बाबा माझ्यासाठी बेडूक धरायचे आणि ओल्या गोणपाटात बांधून द्यायचे. एकदा त्यांनी विचारलं, मी त्या बेडकांचं करते काय. मी दारांची गोष्ट सांगितली. बाबांनी विडी विझवली आणि म्हणाले, "आनि त्या दारावर बसतं कोन, बाय?"

मी हसले. पुढे हाच प्रश्न मी माझ्या लेखाच्या पहिल्या परिच्छेदात घातला, आणि तो कुणी विचारला ते लिहिलं नाही.

सत्तरच्या दशकातला एक मे महिना. मी सुट्टीला आले तर बाबांचे पाय सुजलेले, तोंड फुगलेलं. कर्जतच्या डॉक्टरांनी सांगितलं, मूत्रपिंडं गेल्यात जमा आहेत, मीठ बंद करा. इथे बाईसाहेबांनी, म्हणजे मी, पदर खोचला. मीठ म्हणजे सोडियम, असं मी ओटीवर आईला आणि धाकट्या भावाला समजावलं. शहाळ्याच्या पाण्यात सोडियम नावालाच. शिवाय लघवी साफ होते, हे तर सगळा गाव सांगतो. म्हणजे गाव आणि विज्ञान यांचं एकमत झालं होतं, आणि त्यांची गाठ मी घालून दिली होती. आई म्हणाली, डॉक्टरांना एकदा विचारू या. मी म्हटलं, ते मला काय सांगणार?

भाऊ खालापूरच्या कचेरीत कारकून होता. तो रोज संध्याकाळी एसटीने पिशवीतून चार-पाच शहाळी आणायचा, पिशवीच्या बंदांनी त्याच्या बोटांवर वळ उठलेले असायचे. मी कॉलेजातून आणलेल्या बीकरने पाणी मोजून पाजायचे, सकाळ, दुपार, संध्याकाळ. शेजारच्या बायका बीकरकडे बघून म्हणायच्या, शिकलेल्या मुलीचं पाजणंसुद्धा वेगळं.

दहाव्या-बाराव्या दिवशी बाबा म्हणाले, पायात जीव नाय. मी मनगट धरलं. नाडी सावकाश लागत होती. मला बरं वाटलं. म्हटलं, जीव शांत झालाय. दुपारचं बीकर अर्धं प्यायल्यावर ते गेले.

तेराव्याला भाऊ आल्यागेल्याला सांगत होता, "ताईनं शेवटपर्यंत कमी पडू दिलं नाय. आनि मी एक दिस खाडा केला नाय."

कॉलेज उघडलं. दरवर्षीचं प्रात्यक्षिक होतं. बेडकाचं हृदय काडीला जोडायचं. काडी काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर ठोक्यांच्या रेघा काढते. मग त्यावर पोटॅशियमच्या द्रावणाचे थेंब सोडायचे. रेघा बुटक्या होतात, एकमेकींपासून लांब लांब पडतात, मग सपाट. हे मी कितीदा केलं होतं याचा हिशेब नाही. त्या दिवशी रेघा लांब पडायला लागल्या आणि माझ्या बोटांना बाबांचं मनगट लागलं. शहाळ्यात सोडियम नसतं हे मी घरभर सांगितलं होतं. त्यात काय असतं, हे सांगायची बुद्धी झाली नव्हती. शहाळं पोटॅशियमने भरलेलं असतं आणि ते बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडाचं. पहिल्या वर्षाच्या मुलाने सांगितलं असतं.

नेहमीप्रमाणे सहाय्यकाने हृदय साध्या द्रावणाने धुतलं. ते पुन्हा चालू झालं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

बाबा तसेही फार दिवसांचे नव्हते. हे वाक्य मी स्वतःला इतक्या वेळा म्हणून दाखवलंय की ते आता गुळगुळीत झालंय. आईला सांगायचं ठरवून मी दोनदा घरी गेले आणि आमटीचं कौतुक करून परत आले. भावाला सांगणं तर अशक्यच. शहाळी त्याने वाहिली होती. माझ्या शहाणपणाची पिशवी त्याच्या हातात कशाला द्यायची? आई गेली, तिला कळलं नाही.

दहा-बारा वर्षांनी भावाच्या पायांवर सूज दिसली. मी भेटायला गेले. भावजयीने तांब्यातून शहाळ्याचं पाणी त्याच्या पेल्यात ओतलं आणि म्हणाली, ताई, तुमचंच औषध. त्याने पेला उचलला.

मी म्हटलं, "ते पिऊ नकोस."

"का गं?"

मी सांगितलं. पोटॅशियमचं सगळं सांगितलं, वर्गात सांगते तसं, त्याच्याकडे न बघता. तो कारकून होता, पण त्याला बेरीज यायची.

"मंग बाबांला?"

मी मान डोलावली. भावजय उठून आत गेली.

"तुला कधी कळलं?"

"महिन्याभराने."

"आनि मला आज." तो पेल्यात बघत राहिला. मग त्याने पेला खाली ठेवला आणि तळहात उलटे करून, पिशवीच्या बंदांचे वळ अजून असतील तसे बघितले. त्याने आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं.

त्याने पेला माझ्यासमोर सरकवला. "तुझी मूत्रपिंडं धड हायेत ना? मंग पी तू."

मी पेला उचलला. तो बघत होता, म्हणून सगळा संपवला.