नातीनं कागदावर सोडलेली नदी

मंडळींनो, दुपारपासून जेवण गेलं नाही, म्हणून लिहितोय.

आमची सून भीमेवर धुणं धुताना बुडाली. तेव्हापासून नातीसमोर ‘नदी’ आणि ‘आई’ हे शब्द घरात कुणी काढत नाही. पाच वर्षांची पोर बोलायचीच थांबली. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, “आबा, वॉटर कलर आणून द्या. चित्र काढता काढता बोलंल.”

आज तिनं ओल्या कागदावर निळा रंग सोडला. तो पसरला तशी म्हणाली, “नदी.” मला रडूच आलं.

मग निळ्यावर बोट ठेवून तिनं विचारलं, “आबा, आई हितंच हाय ना?”

तिचा बाप, माझा मुलगा, दारातून ओरडला, “आधी ते रंग फेका, आबा!”

रंग मी लपवून ठेवलेत. पोर अजून उत्तराची वाट बघतेय. गप्प राहिलो तर ती पुन्हा मुकी होईल. तुम्ही काय सांगितलं असतं?