सायगॉनची शैक्षणिक सहल

सांगलीच्या ज्या कॉलेजात मी बीबीए केलं, तिथे शेवटच्या वर्षाला परदेशी शैक्षणिक सहल असायची. आमच्या वर्षी व्हिएतनाम निघालं. आम्ही एकोणतीस पोरंपोरी, सर आणि सरांच्या बायको. त्या कुठला विषय शिकवतात हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, पण विमानातली खिडकी त्यांना मिळाली आणि प्रत्येक फोटोतली मधली जागाही.

माझं गाव मेढ्याच्या वर, डोंगरात. वडील फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. आम्ही सायगॉनला उतरणार, असं मी फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "सायगावला? मग विमान कशाला, मेढ्यातनं वडापची जीप मिळती की." आमच्या तालुक्यात सायगाव नावाचं गाव आहे. हे त्यांनी चेष्टेने म्हटलं की खरंच, ते मला अजून सांगता येत नाही. ते चेष्टाही हुकूम सोडल्यासारखी करतात.

सहलीतला शैक्षणिक भाग दुसऱ्या दिवशी सकाळीच उरकला. मेकाँग नदीच्या काठी नारळाच्या वड्यांचा कारखाना होता, म्हणजे पत्र्याची एक शेड आणि आत सात-आठ बाया. सरांनी कॉलेजचा बॅनर उघडायला लावला. दोन टोकं धरायला दोन मुली, मागे सगळे. फोटो झाला, बॅनर गुंडाळला. एका बाईने गरम वडीचा तुकडा पुढे केला, तर सरांच्या बायकोने विचारलं, यात अंडं नाही ना. उद्योगाविषयी आमच्याकडून विचारला गेलेला प्रश्न तेवढाच.

मग नावेत बसवलं. नाव सुटायच्या आत भडंगाच्या पिशव्या फुटल्या. आमच्यात वाळव्याकडचा एक बागायतदाराचा मुलगा होता, अंगाने चांगला भरलेला. त्याला मी मनातल्या मनात पुढारी म्हणत असे, कारण कुठे जायचं, कुठे थांबायचं हे सरांच्या आधी तोच ठरवायचा. तो पाण्याकडे बघून म्हणाला, "आयर्विन पुलावरनं पुराचं पाणी बघितलंय गड्या. त्याफुडं ही काय नदी हाय व्हय?" सगळे हसले. एवढ्या लांब येऊन या लोकांनी सांगलीच बघितली. डोंगर दिसला की महाबळेश्वर, देऊळ दिसलं की औंधची यमाई, भात पुढे आला की आपल्या इंद्रायणीचा वास न्हाई याला. मी कोपऱ्यात बसून हे मनात टिपून घेत होते. मी यांच्यातली नाही, याची मला तेव्हा पक्की खात्री होती.

तिसऱ्या दिवशी शहराबाहेरची युद्धातली भुयारं बघायला नेलं. गाइड बाई होती, पन्नाशीची, अंगाने काटकुळी, डोक्याला शंकूसारखी टोपी. इंग्रजी स्वच्छ बोलायची. आम्हा सगळ्यांना ते कळत होतं, तरी सर प्रत्येक वाक्याचं मराठी करून सांगत होते. ती म्हणाली, माणसं इथे जमिनीखाली राहायची, स्वयंपाकाचा धूर लांबवर नेऊन सोडायची. सर म्हणाले, "म्हणजे बघा, किती उत्तम नियोजन. मॅनेजमेंट, मॅनेजमेंट म्हणतात ते हेच."

झाडाखाली पाचोळा बाजूला सारून तिने एक लाकडी झाकण उचललं. खाली जेमतेम पाट मावेल एवढं भोक. कुणाला उतरायचंय का, असं तिने विचारलं. पुढारी पुढे झाला. तिने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मान हलवली. पण त्याला रील करायचं होतं. हात वर करून तो कमरेपर्यंत खाली गेला आणि तिथेच बसला. ना वर, ना खाली. आधी तोही हसत होता. मग त्याचा चेहरा लाल झाला आणि तो हळूच म्हणाला, "ओढा रं आता." दोघांनी काखेत हात घालून त्याला उपसला. पँट मागून फाटली होती. रील मात्र पूर्ण झालं.

पुढे थोडं रुंद केलेलं भुयार होतं, पर्यटकांसाठी. त्यातून वाकून वीसेक पावलं जायचं. बाकीचे गेले. फाटक्या पँटवर शर्ट बांधून पुढारीही गेला. मी रांगेत उभी राहिले नाही. या गर्दीबरोबर ढकलाढकली करत तिथे जाणं मला कमीपणाचं वाटलं.

त्यानंतर गोळीबाराची जागा. युद्धातल्या बंदुका लोखंडी दांड्यांना जखडून ठेवलेल्या, कानाला लावायला जाड हेडफोन. पोरांनी उड्या टाकल्या. एकाने गॉगल चढवला, एकाने मिशीवर ताव दिला. आवाज असा की पोटात बसत होता. सरांनीही गोळ्या मारल्या आणि सरांच्या बायकोने टाळ्या वाजवल्या.

"तू ये की," पुढारी मला म्हणाला. "मिलिट्रीवाल्याची पोरगी तू."

"मला नाही मारायच्या."

"भेतीस व्हय?"

गाइड बाई लांब एका बाकावर बसली होती, कानात कापसाचे बोळे घालून. मी तिच्याशेजारी जाऊन बसले. मला तिच्याविषयी माया वाटली, किंवा वाटायला हवी असं वाटलं. थोड्या वेळाने आवाज थांबला तेव्हा मी तिला इंग्रजीत विचारलं, "तुमच्या घरचं कुणी होतं का त्या भुयारांमध्ये?"

तिने एक बोळा काढला. मी पुन्हा विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "माझे वडील शहरात शिंपी होते. आम्ही इथे कधी आलोही नव्हतो."

ती माझ्याकडे बघत होती, रागाने नाही, ओळखीच्या वस्तूकडे बघावं तसं.

"प्रत्येक बसमध्ये एक जण असतो," ती म्हणाली. "त्याला गोळ्या मारायच्या नसतात. तो इथे माझ्याजवळ येऊन बसतो आणि हेच विचारतो." मग घड्याळ बघून म्हणाली, "तुमच्या लोकांना सांग, दहा मिनिटांत बस निघेल. तुमचे ग्रुप फार उशीर करतात."

बोळा तिने परत कानात घातला.

बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून घेतले. आधी मला तिचा राग आला. काय समजते स्वतःला, असं मनात आलं, आणि हे वाक्य अगदी पुढाऱ्याच्या आवाजात आलं. मागे भडंग पुन्हा फिरत होतं. माझ्यापुढे पिशवी आली तेव्हा मी मूठभर घेतलं. भूक लागली होती.

संध्याकाळी हॉटेलवरून वडिलांना फोन केला. गोळीबाराचा व्हिडिओ मी आधीच पाठवला होता, हसण्यासाठी.

"आबा, बघितला का?"

"बघितला. बांधलेली रायफल चालवायची म्हंजे म्हशीची धार काढल्यागत हाय. त्यात काय एवढं?" मग म्हणाले, "भुयारं हुती न्हवं? तू आत गेलतीस?"

"न्हाई."

"का गं?"

"लय अरुंद हुतं, आबा."

"तुज्यायेवढ्या माणसांसाठीच केली असत्याल की ती," ते म्हणाले, आणि आईकडे फोन दिला.

परत आल्यावर सरांनी कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी सहलीचा वृत्तांत लिहायला मलाच सांगितलं. पुढाऱ्याला सांगितलं असतं तर त्याने चार ओळींत खरं काय ते लिहून टाकलं असतं. मी तीन पानं लिहिली. नारळाच्या उद्योगातलं महिलांचं योगदान लिहिलं. भुयारातल्या अंधारात आपला श्वास आपल्यालाच कसा ऐकू येतो, तेही लिहिलं. आणि शेवटी लिहिलं की आमच्या मार्गदर्शक भगिनीने आपल्या कुटुंबाने भोगलेल्या युद्धाच्या आठवणी आम्हाला सांगितल्या, तेव्हा आम्हा सर्वांचे डोळे पाणावले. सरांनी त्यातला एक शब्दही बदलला नाही. लेखाच्या वर तिचा आणि माझा बाकावरचा सेल्फी छापला. तो मी प्रश्न विचारायच्या आधीच, तिला न विचारता काढला होता.

अंक वाटले त्या दिवशी पुढारी कँटीनमध्ये माझ्या टेबलाशी आला. त्याने खरोखर सगळं वाचलं होतं.

"लय भारी लिवलंयस," तो म्हणाला. "पर तिनं ही सगळं कवा सांगितलं? मला कायच ऐकू आलं न्हाई."

"तू गोळ्या मारत होतास," मी म्हणाले.

त्याने मान खाली घातली.