न मागितलेलं भविष्य

रावेरच्या स्टँडजवळ संघमित्राचं रिचार्जचं दुकान आहे. वडील दीपनगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाले, तेव्हा तिनं पुण्यात नोकरी धरावी अशी त्यांची इच्छा होती. तिनं दुकान टाकलं आणि त्यात ती रमली.

केळीच्या पॅकिंगला जाणारी भिकुबाई एका सकाळी तिच्याकडे आली. मूळची साक्रीकडची, मुलगी सुरतला दिलेली. मुलीशी बोलता बोलता फोन बंद पडतो, टाकलेले पैसे कुठं जातात समजत नाही, असं तिनं सांगितलं. संघमित्रानं फोन पाहिला. त्यावर राशिभविष्याची सेवा चालू होती आणि त्यापायी पैसे रोज गुपचूप कापले जात होते. भिकुबाईला वाचता येत नव्हतं, त्यामुळे ते मेसेज तिनं कधी उघडलेच नव्हते.

संघमित्राला लगेच योगेंद्र आठवला. दुकानांना रिचार्जचा बॅलन्स पुरवणाऱ्या व्यापाऱ्याचा तो माणूस. गिऱ्हाइकांच्या फोनवर असली सेवा चालू करा, कमिशन मिळेल, असं त्यानं तिलाही सुचवलं होतं आणि तिनं त्याला वाटेला लावलं होतं. त्याचं वर्णन ऐकून भिकुबाई म्हणाली, हाच माणूस आमच्या पॅकिंगच्या शेडवर येऊन गेला. ऑफर बघतो म्हणत त्यानं बायांचे फोन हातात घेतले होते.

योगेंद्र दुकानात आला तेव्हा संघमित्रानं गिऱ्हाइकांदेखत त्याला जाब विचारला. तो हसला.

"ताई, सगळीकडे हेच चालतं. फार ताणलंत तर तुमचा बॅलन्स बंद होईल."

"होऊ दे. भुसावळला व्यापारी कमी नाहीत."

जेवणाच्या सुट्टीत ती शेडवर गेली, बायांच्या घोळक्यात बसली आणि मोबाइल कंपनीच्या तक्रार क्रमांकावर फोन लावला. बोलायला मात्र तिनं भिकुबाईलाच सांगितलं. तुम्हीच बटण दाबून मंजुरी दिलीत, असं पलीकडून ऐकवण्यात आलं. भिकुबाईचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

"मी काहीबी मांगेल नही शे. मना पैसा माले परत द्या."

तिचं पाहून बाकीच्यांनाही धीर आला आणि एकेकीनं स्वतः बोलून तक्रार नोंदवली. एकाच शेडवरून एवढ्या तक्रारी गेल्यावर कंपनीला चौकशी करावीच लागली. सेवा बंद झाली, पैसे परत जमा झाले, व्यापाऱ्याची एजन्सी गेली.

परवा सावद्याच्या शेडवरून निरोप आला, आमच्या बायांनाही तक्रार कशी नोंदवायची ते शिकवायला या. संघमित्रानं भिकुबाईला विचारलं, तर ती आधीच लुगडं बदलून तयार. शटर ओढून दोघी एसटीत बसल्या.