झाकण धरायचं काम

परवा नालवाडीत माझी स्कूटी पंक्चर झाली. दुकानदाराने ट्यूबवर सोल्यूशन लावलं आणि त्या उग्र वासासरशी मी पुन्हा तिसरीत गेले.

तेव्हा आमच्याकडे आजोबांचा पेटीसारखा रेकॉर्ड प्लेअर होता. झाकणाच्या बिजागऱ्या झिजल्या होत्या, म्हणून रेकॉर्ड संपेपर्यंत कुणाला तरी झाकण धरून उभं राहावं लागे. ते काम मी हौसेने घेतलं होतं. घरी आलेले पाहुणे मला इंग्रजी पोयम म्हणायला लावत, आणि मला तर स्वतःचं नाव सांगतानाही घाम फुटे. झाकण धरलेल्या मुलीला मात्र कुणी छेडत नसे.

एका रविवारी बाबांनी फुकटचा इलाज केला. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या कापून पंक्चरच्या सोल्यूशनने बिजागऱ्यांच्या जागी चिकटवल्या. झाकण ताठ उभं राहिलं. संध्याकाळी देवळीचे मामा यायचे होते. बाबा आंघोळीला गेले आणि मी नखांनी दोन्ही पट्ट्या सोलून ठेवल्या.

मामा आल्या आल्या म्हणाले, "काऊन वं, इंग्लिश शाळेत जाते ना तू? होऊन जाऊ दे एक पोयम!"

बाबांनी रेकॉर्ड लावायला झाकण उघडलं, ते धाडकन पडलं. त्यांनी पट्ट्या पाहिल्या. मग माझी काळी नखं पाहिली.

"सोल्यूशनच डुप्लिकेट निघालं, भाऊ," ते म्हणाले. "पोयम राहू द्या, तिले काम आहे. धर वं झाकण."

बाबा किती भोळे, असं मला तेव्हा वाटलं होतं. पण घरातली छत्रीसुद्धा स्वतः दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाने त्या बिजागऱ्यांना पुन्हा कधी हात लावला नाही.